रकाना क्रमांक अकरा

मे महिना, यावल तालुका, पारा सेहेचाळीसवर.
उपकेंद्रात रेंज नाही. आहे ती एक काडी,
पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर.
तिथे मी बसले आहे, डोक्यावर ओला टॉवेल,
मांडीवर मोबाइल, आणि मोबाइलमध्ये
स्वेटर घातलेली एक बाई
जोखीम व्यवस्थापन शिकवते आहे. मॉड्यूल सातवे.

तिचा आवाज येतो, मग ओठ हलतात,
मग नुसतं गोल गोल चाक.

बाहेर पडण्याचे मार्ग किती?
एक. आग आली तर तिथूनच येईल,
आम्हीही तिथूनच जाऊ, वाटेत भेट होईल.
सिलिंडर साखळीने बांधलेला आहे का?
आहे. साखळी ड्रायव्हर रायसिंगच्या बैलाची.
वीज गेल्यास बर्फाचे पॅक कुठून आणाल?
इस्माइलचाचा कुल्फीवाला. बोलून ठेवलंय.
लग्नसराई सोडून.

पुढची पाटी येते :
दिसायला सारख्या औषधांच्या शिशा
एका ट्रेमध्ये ठेवू नका.

चाक फिरायला लागतं,
आणि मी तीन वर्षं मागे जाते.

रात्रीचे अडीच. बारेल्यांची सून मोकळी झालेली,
पोरगी जेमतेम अडीच किलो, रडून लालबुंद.
टॉर्च तोंडात धरलेला. ट्रेमध्ये दोन शिशा,
दोन्ही तपकिरी, दोन्ही करंगळीएवढ्या.
एक आईचं रक्त थांबवायची,
एक बाळाच्या मांडीत टोचायची.
मी सुई भरली. बाळाची मांडी चिमटीत धरली.

दगा मागे उभा होता, गरम पाण्याची बादली घेऊन.
आमचा शिपाई दगा. सही म्हणून अंगठा.
तो हळूच म्हणाला,
‘बाई, हाई ते मायनी शिशी शे.’

मी शिशी उजेडात धरली.
त्याला अक्षर कळत नाही, रेघ कळते.
खोकी तोच लावतो :
तांबडी रेघ आईची, निळी बाळाची.

नंतर आम्ही चहा केला. कोणी काही बोललं नाही.
ती पोरगी आता अंगणवाडीत जाते,
मला बघितलं की पळते.
सुईला घाबरते म्हणे.

दगाच्या आधीची दोन भावंडं
पाळण्यातच गेली होती.
तिसऱ्याचं नाव आईने ठेवलं दगा.
म्हणजे दगा दारात आला
तर ऐकेल की आत एक आहेच,
आणि पुढच्या घरी जाईल.
तिला कोणी मॉड्यूल दाखवलं नव्हतं.

शेवटी फॉर्म उघडतो.
‘अपघात थोडक्यात टळल्याची घटना असल्यास नोंदवा.
कोणालाही दोष दिला जाणार नाही.’
हे वाक्य मी चार वेळा वाचते.
बोटाखालची काच तापली आहे.
खाली अंगणात दगा
निंबाच्या सावलीत चादरी वाळत घालतो आहे,
घडीवर घडी, जणू उद्या तपासणी आहे.

तारीख लिहिते. औषध लिहिते.
चूक कोणाची होत होती, तिथे माझं नाव, पूर्ण, नवऱ्याच्या आडनावासकट.
रकाना क्रमांक अकरा : धोका कोणी ओळखला?
लिहिते : दगा.
पाठवते. चाक. चाक. गेलं.

सोमवारी तालुक्याहून फोन. ऑपरेटर नवा आहे, नम्र आहे.
‘सिस्टर, अकरा नंबरचा रकाना चुकलाय.
तिथे ओळखणाऱ्याचं नाव टाकायचं असतं,
धोक्याचा प्रकार नाही.’

मी टाकीच्या पायरीवर उभी.
‘नावच आहे ते,’ म्हटलं.
‘कोणाचं?’
तेवढ्यात काडी गेली.
मी हॅलो हॅलो करत एक पायरी वर चढले,
आणि खालून दगाने ओ दिली.